सॅक, स्वेटर आणि एक ट्राउट

‘बॅकपॅकिंग? आई-बाबांबरोबर? वेडी आहेस का तू?’ ऑक्टोबरच्या ट्रिपचा प्लॅन सांगितल्यावर मैत्रिणींची ही एकसुरात रिअ‍ॅक्शन! त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडे फॅमिली ट्रिप म्हणजे टूर कंपनीची बस, खिडकीची सीट आणि चिवड्याचा डबा. पण बाबांच्या अँजिओप्लास्टीला वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी ‘चाला, फिरा’ म्हणून हिरवा कंदील दिला होता. तरी हा माणूस सोफ्यावरून उठायला तयार नाही. मग मी आणि दादानं ठरवलं, यांना उचलायचंच. थेट हिमाचलमधलं तीर्थन खोरं!

दिल्लीहून मनालीच्या रात्रीच्या बसमध्ये बसायचं आणि सकाळी औटला उतरायचं. सगळी गर्दी पुढे मनालीला जाते, आपण बंजारमार्गे गुशैणीचा रस्ता धरायचा. इथून ‘ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क’ची वाट सुरू होते. २०१४ मध्ये युनेस्कोनं या पार्कला जागतिक वारशाचा दर्जा दिला. नदीच्या काठाकाठानं रोल्ला कॅम्पपर्यंत साधारण दहा किलोमीटर चालायचं, दोन रात्री राहायचं आणि परत यायचं, असा माझा झक्कास प्लॅन. साई रोपाच्या ऑफिसात परमिटही काढलं.

तीर्थन ही ट्राउटची नदी. पण हा मासा मूळचा इथला नाही बरं का! ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेतला. इंग्रज साहेबाला सुट्टीत गळ टाकून बसायची हौस, म्हणून १९०९ च्या सुमारास ट्राउट कुल्लूत आणला गेला. त्याला लागतं थंडगार, वाहतं, भरपूर ऑक्सिजनचं पाणी. त्यामुळे तो आपल्या मुळा-मुठेत भेटणं शक्यच नाही! आणि गंमत म्हणजे या पाहुण्यानं यजमान नदीचं भलंच केलं. तीर्थनवर वीजप्रकल्प नकोत म्हणून माजी आमदार दिलाराम शबाब आणि इथले लोक लढले. त्या लढ्यात ‘ही ट्राउटची नदी आहे’ हा मुद्दा मोठा होता. म्हणून ती आजही मोकळी वाहतेय.

तर, आम्ही निघालो. आईच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि बाबांच्या गोळ्या, थर्मास, लाडू जास्त. पहिला तास मस्त गेला. मग चढ लागला. बाबा दर दहा पावलांवर थांबायला लागले. शेवटी एका दगडावर बसले ते बसलेच. ‘तुम्ही जा पुढे. मी इथेच थांबतो.’

आणि मी चिडले. ‘रोज अर्धा तास चाला म्हणून दोन महिने सांगत होते ना मी!’ शब्द तोंडातून गेले आणि आई माझ्याकडे नुसतं बघत राहिली. बाबा काही बोलले नाहीत, बुटाची लेस सोडून परत बांधत बसले. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, त्यांना आळस नव्हता, भीती वाटत होती. आणि वर्षभरात त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं.

रोल्ला कॅन्सल. आमच्या गाईडनं ओळखीच्या एका घराच्या शेतात तंबू ठोकून दिले. ‘साबजी, पार्क के अंदर मछली नहीं पकड़ सकते। यहाँ पकड़ सकते हैं,’ म्हणत त्यानं रॉड पुढे केला. लायसन्स आदल्या दिवशीच काढलेलं होतं.

बाबांनी रॉड हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला! लहानपणी वाशिष्ठीच्या काठावर ते गरवायला जायचे म्हणे. बांबूची काठी, गरी आणि गांडुळं. हे आम्हाला आजवर माहीतच नव्हतं! रीलशी त्यांची आधी थोडी झटापट झाली, दोनदा दोरा झुडपात अडकला. मग जमलं. वरून येणाऱ्या पाण्यात, मोठ्या दगडामागच्या शांत डोहात स्पिनर टाकायचा आणि हळूहळू ओढायचा. बोलायचं नाही. आईसुद्धा दोन तास गप्प बसली, म्हणजे बघा!

ऊन उतरता उतरता रॉड वाकला. सोनेरी अंगावर काळे-लाल ठिपके, ब्राउन ट्राउट! पण ठरलेल्या लांबीपेक्षा लहान. बाबांनी हात पाण्यात ओले केले, गळ सोडवला आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. क्षणभर तो तसाच राहिला, मग सटकला.

‘गेला की!’ दादा हळहळला.

‘जाऊ दे. वाढेल अजून,’ बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, ‘उद्या सकाळी थोडं चालून बघू या का? गेटपर्यंत?’

मी ‘सॉरी’ म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, नदीचा आवाज फार होता.

रात्री जेवणात ट्राउट होताच, पण शेततळ्यातला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेटपर्यंत काही पोचलो नाही. पण आदल्या दिवशीच्या दगडाच्या बरेच पुढे गेलो.

तुम्हीही जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटचा विणीचा हंगाम असल्यानं मासेमारी बंद असते. लायसन्स मत्स्य विभागाकडून घ्या. पावसाळा टाळा. आणि बरोबर आई-बाबा असतील तर प्लॅनमध्ये एक दिवस रिकामा ठेवा.