सुकाणूचा दांडा

पुसदला बदली होऊन आलो तेव्हा धर्मग्रामाच्या आवारात कडुलिंबाखाली १९६४ सालची महिंद्र जीप उभी होती. सुकाणू डावीकडे, मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी रंगवलेली अक्षरे. दिग्रस, महागाव, उमरखेडच्या वाटांवर तिने मला इमानाने नेले. परंतु पन्नाशी ओलांडली आणि खांदा कुरकुरू लागला. उभ्या जीपचे चाक वळवणे म्हणजे मोट ओढणेच. अखेर नव्या जीपचा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स बसवायचे ठरले. नोंदणीतील मूळ तपशील परस्पर बदलण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, म्हणून यवतमाळच्या परिवहन कार्यालयात आधीच अर्ज केला होता.

मिस्त्रींनी जुने सुकाणू खोलले तेव्हा कळले, की हातातल्या चाकापासून खालच्या मळसूत्रापर्यंत सारा एकच सरळ, पोकळ दांडा आहे. त्याच्या पोटातून हॉर्नची तार जाते. मळसूत्राच्या खाचेत दोन खुंट्या सरकतात आणि त्यांच्या जोरावर जीप वळते. नवा बॉक्स चासीवर बराच पुढे बसणार होता. दांडा तेथवर पोहोचेना.

“मिस्त्री, कापा आणि तुकडा जोडून वेल्डिंग करा,” मी म्हणालो. नाताळ दहा दिवसांवर होता. शिवाय पैसेही वाचवायचे होते, हे कबूल करतो.

त्यांनी पाना खाली ठेवला. “फादर, ब्रेक गेला तर गिअर आहे, हँडब्रेक आहे. हा डाग घाटात सुटला तर हातात नुसतं चाक राहील. माझ्याकडून हे व्हायचं नाही. दुसरीकडे न्या.”

मला राग आला. दुसरा एक कारागीर तासाभरात वेल्डिंग करून द्यायला तयारही होता. त्या संध्याकाळी गॅरेजात उघड्या जीपमध्ये बसलो. दांड्याचे टोक नेमके माझ्या छातीवर रोखलेले होते. शेजारची आसनपट्टी, जिच्यावर वेदीसेवक मुले दाटीने बसतात, रिकामी होती. समोरासमोरच्या धडकेत असा अखंड दांडा चालकाच्या अंगावर येतो. म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना त्याविरुद्ध संरक्षण देणे सक्तीचे झाले. आमची जीप त्याआधीची.

मी मिस्त्रींकडेच परतलो. त्यांनी जुनी नळी आखूड केली, लेथवर बुश कातून घेतली आणि कारखान्यातच खाचा पाडलेला नवा दांडा तिच्यात बसवला. खाली एकात एक सरकणारा जोडदांडा, दोन्ही टोकांना क्रॉस. वेल्डिंगचा एक ठिपकाही नाही. पहिल्या फेरीत चाक एका वेढ्यात दोनदा जड, दोनदा हलके लागले. दोन्ही क्रॉसचे चिमटे एका रेषेत नव्हते. एक खाच सरकवून त्यांनी ते पुन्हा बसवले.

नाताळच्या भेटी एस.टी.नेच झाल्या. जीप जानेवारीत मिळाली. आता एका हाताने वळते. मात्र तार निघाल्यामुळे हॉर्नचे बटण डॅशबोर्डवर आले आहे. सवयीने मी अजून चाकाच्या मध्यावर तळवा दाबतो आणि रस्त्यातली म्हैस तशीच उभी राहते.