आठ महिन्यांचे पाहुणे

कोकणातून मुंबईत आलेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांचा जीव दोन घरांत वाटलेला असतो. एक घर पोटासाठी घेतलेलं, दुसरं वाडवडिलांनी बांधलेलं. नोकरी असेपर्यंत गावचं घर बंद असतं आणि मे महिन्यात चार दिवस उघडतं. निवृत्तीनंतर प्रश्न उलटा होतो. माणसं गावी जातात आणि मुंबईचं घर बंद पडतं.

आमचंही तसंच झालं. 2018 साली निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी दापोली तालुक्यातलं जुनं घर दुरुस्त करून घेतलं आणि तिथे राहू लागलो. बारा महिने तिथेच राहायचा विचार होता. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदीमुळे आम्ही गावीच होतो. काही तासांत छपराची कौलं उडाली, मागची दोन माडाची झाडं आडवी झाली आणि पुढे कित्येक दिवस गावात वीज नव्हती. औषधाच्या दुकानापर्यंत जायला रस्ता उरला नव्हता. त्यानंतर आम्ही ठरवलं की पावसाळ्याचे चार महिने अंधेरीच्या फ्लॅटमध्ये आणि ऑक्टोबर ते मे गावी.

मग ते आठ महिने अंधेरीचा फ्लॅट रिकामा ठेवायचा का? मेंटेनन्स, पालिकेचा कर, विजेचं किमान बिल चालूच राहतं. पेन्शन दोन घरांना पुरत नाही. नातेवाईक म्हणाले, विकून टाका. ते आमच्या मनाला पटलं नाही. मग भाड्याने द्यायचं ठरलं, तेही आठच महिन्यांसाठी.

पहिल्याच एजंटाने सुचवलं, "भाडं कशाला घेता? हेवी डिपॉझिट घ्या. दहा लाख एकरकमी, भाडं शून्य, जाताना पैसे परत." उपनगरांत आपली कितीतरी कुटुंबं अशी राहतात, हे आम्हाला माहीत होतं. पण हिशेब सरळ मांडला की दिसतं, आपण दहा लाखांचं कर्ज घेतो आणि त्या कर्जाच्या बदल्यात समोरचा घर वापरतो. कर्जावर घेतलेला असा फायदा म्हणजे सूदच, असं अनेक उलेमा सांगतात. आमच्या मौलानांनीही तेच सांगितलं. व्यवहाराच्या बाजूनेही त्यात धोका आहे. ते दहा लाख आपल्या हातून खर्च झाले, तर आठ महिन्यांनी परत कुठून आणायचे? आणि ते परत केल्याशिवाय समोरच्याला घर सोड म्हणायला तोंड उरतं का? आम्ही दरमहा 35,000 रुपये भाडं आणि 1 लाख अनामत ठरवली. ती अनामत बँकेत वेगळी ठेवली, कधी हात लावला नाही. नावाप्रमाणे ती अमानतच आहे.

दुसरा प्रश्न कागदाचा. मुंबईत घरमालकाच्या मनात भाडेकरूबद्दल जी भीती असते, ती उगाच आलेली नाही. 1973 साली तेव्हाच्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. थोड्या दिवसांसाठी दिलेली घरं कायमची गेली. आमच्या आधीच्या पिढीने हे पाहिलेलं आहे. "एकदा आत आला की उठत नाही" हे वाक्य तिथून आलं.

पण आजचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांपर्यंतच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. एका महिन्याचा करारही नोंदवावा लागतो. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. उलट करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर न उठणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम मिळवतात. आमच्या आठ महिन्यांच्या कराराला ते सव्वासातशेच्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, तीही ऑनलाइन देता येते. सोसायटी बिनवहिवाट शुल्क घेते, पण 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर लागतो, पण पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेतून दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के वजावट मिळते.

आता माणसांबद्दल. 1988 साली आम्ही स्वतः भाड्याने घर शोधत होतो. फोनवर घर रिकामं असायचं. नाव सांगितलं की "अहो, ते कालच गेलं" असं ऐकू यायचं. अशी किती घरं "कालच" गेली, याची मोजदाद आम्ही पुढे सोडून दिली. म्हणून एजंटाला पहिल्याच दिवशी सांगितलं, आम्हाला नोकरी, कुटुंब आणि मुदत विचारा. जात-धर्म विचारून माणूस गाळू नका.

पहिले आले ते लातूरकडचे बँक अधिकारी, बदलीवर आलेले. किल्ली घेताना त्यांच्या पत्नीने जरा चाचरत विचारलं, "चाची, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छोटं देवघर ठेवलं तर चालेल का?" आम्ही म्हणालो, आठ महिने घर तुमचं आहे, विचारायचं कशाला? तिचा चेहरा खुलला, तेव्हा कळलं की तीही कुठेतरी नकार ऐकून आली असावी.

दुसऱ्या वर्षी अकोला आणि बुलढाण्याच्या दोन मुली आल्या. मालिकांच्या एडिटिंगचं काम, रात्री उशिरा घरी यायच्या. सोसायटीच्या कमिटीने हरकत घेतली, अविवाहितांना घर देऊ नका म्हणे. आम्ही उपविधींची प्रत पुढे ठेवली आणि हा नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हटलं. तो कुणालाच सापडला नाही. मुली राहिल्या आणि आठ महिन्यांनी वेळेवर गेल्या. शेजारच्या खाला आजही त्यांची चौकशी करतात.

खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी झाली. जळगाव जिल्ह्यातलं एक कुटुंब आलं होतं. वडिलांना कर्करोग, मुंबईत उपचार चालू. करार 31 मे 2024 पर्यंत. मे महिन्याच्या मध्यावर मुलाचा फोन आला. मधे ताप आल्यामुळे रेडिएशन थांबवावं लागलं होतं; आता ते वीस जूनपर्यंत चालणार होतं. त्याने मुदत मागितली नाही. फक्त विचारलं, "चाचा, जवळपास एका महिन्यासाठी कुणी खोली देईल का?"

एका महिन्यासाठी, आजारी माणसाला, अंधेरीत खोली कोण देणार? हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. इकडे आभाळ भरून येत होतं. निसर्ग वादळाचा दिवस आम्ही विसरलो नव्हतो. नातेवाइकांनी फोनवर जुनं वाक्य ऐकवलं. सोसायटीतून निरोप आला की करार संपल्यावर एक दिवसही चालणार नाही. दोन रात्री आम्ही बोलत बसलो. घर आमचं, हक्क आमचा, तारीख लिहिलेली. पण हक्क असणं आणि तो त्याच दिवशी वसूल करणं, यांत फरक आहे.

शेवटी आम्ही गावचं घर बंद करून मुंब्र्याला मुलीकडे गेलो आणि जून महिन्याचा नवा करार केला. मुलीचं म्हणणं, महिनाभरासाठी कागद कशाला, माणसं चांगली आहेत. पण माणसं चांगली असतात तेव्हाच कागद करावा. नंतर तो करण्याची वेळ निघून गेलेली असते. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराहची 282वी, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे इथे आठवावं. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन मुंब्र्याला आला, नंतर अंधेरीला गेला. कागद सोसायटीत दिला आणि तक्रार तिथेच संपली.

चोवीस जूनला त्यांनी घर सोडलं. शेजारी ठेवलेल्या किल्लीबरोबर एका चिठ्ठीवर विजेच्या मीटरचा आकडा आणि गॅसचं बिल भरल्याची पावती होती. आम्ही त्याच आठवड्यात अनामत परत पाठवली. वडिलांच्या तपासण्या अजून चालू आहेत. मुंबईला आले की फोन करतात.

आमच्यासारखा विचार करणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपलं सामान एका कपाटात आणि माळ्यावर कुलपात ठेवा, बाकी घर मनापासून मोकळं करून द्या. किल्ली देताना मीटरचा आणि भिंतींचा फोटो दोघांनी मिळून काढा. परतायच्या तारखेआधी पंधरा दिवस हाताशी राखून करार संपवा. आम्ही आता 15 मे लिहितो. आणि भाड्यातून जे साठेल त्याची जकात काढायला विसरू नका. घरावर ती नाही, पण साठलेल्या रकमेवर आहे.

दोन घरांमधली ही ये-जा कायम चालणार नाही, हे आम्ही जाणतो. गुडघे दर वर्षी थोडं वेगळं बोलतात. एक दिवस एकच घर उरेल. तोवर दर ऑक्टोबरला अंधेरीच्या दारावर कुणाच्या तरी नावाची पाटी लागते आणि आम्ही गावी जाऊन कौलं तपासतो. यंदा आलेत ते परभणीचे शिक्षक आहेत. जाताना त्यांच्या धाकट्या मुलाने विचारलं, "तुम्ही परत कधी येणार?" त्याला तारीख सांगितली. त्याने ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.