वहीचे पुस्तक होताना

आमच्या उमापुरात कुणाचे पुस्तक निघाले म्हणजे लोकांना दोनच माणसे दिसतात : लिहिणारा आणि फार तर विकणारा. मधली रांग कुणाच्या गावीही नसते. संपादक, अक्षरजुळणी करणारा, मुद्रितशोधक, चित्रकार, बांधणीवाला, ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवणारा विक्रेता. एवढे हात लागावे तेव्हा कुठे पुस्तक वाचकाच्या हाती पडते.

शेजारच्या मुलीने कथांची वही पुरी केली. एका प्रकाशकाने (नाव कशाला सांगू?) कथा न वाचताच छपाईचा खर्च मागितला, वर शंभर प्रती तिनेच घ्याव्यात अशी अट! वडील कपाशीच्या बियाण्याचे पैसे मोडायला निघाले.

"काका, पैसे भरल्याशिवाय आमच्यासारख्यांचे पुस्तक निघतच नाही का हो?"

मी म्हटले, "बाळ, ज्याचा नफा तुझ्याकडूनच वसूल झाला, तो वाचक शोधायला कशाला हिंडेल?"

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र छापखान्याचे दर आपण स्वतः विचारावेत. आयएसबीएन क्रमांकासाठीही कुणाला पैसे मोजू नयेत. आपल्या देशात तो सरकारकडून फुकट मिळतो. आणि त्याआधी एकेक कथा मासिकांना धाडावी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी नव्या लेखकांना पुस्तकाच्या घरात शिरण्याआधी अंकाची ओसरी लाभली आहे. साभार परत आलेली कथा टपालखर्चाहून महाग पडत नाही!

आणि या धंद्यात नोकरी? १८३९ साली जन्मलेले जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले. त्याच हातांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि त्याच्या सुबक देवनागरी टाइपाचे नाव देशभर झाले. हा धंदा खालच्या पायरीवरूनच शिकावा लागतो. आज ती पायरी मुद्रितशोधनाची. ऱ्हस्वदीर्घ पक्के आणि नजर बारीक असली, की हे काम उमापुरात बसूनही संगणकावर होते.

पोरीने सोळा पानी दोन फर्मे तपासून पहिली कमाई केली. बियाणे शेतात पडले. एक कथा साभार परत आली. दुसरी अजून संपादकांकडे आहे. ती स्वस्थ आहे. वडील मात्र रोज पोस्टमनची वाट पाहतात.