सराव-सामना आणि आमची गुणांची वही

आमच्या लालबाग-परळ भागांत प्रत्येक मनुष्य जन्मतःच पंच असतो, असें माझे आजोबा थट्टेनें म्हणत. गल्लींत कबड्डीचा डाव रंगला कीं गॅलरींतून, दुकानाच्या फळीवरून, जिन्याच्या पायरीवरून निकाल सुटूं लागतात. दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींची गोष्टही हीच. ज्यांनीं जन्मांत बॅट हातीं धरली नाहीं, तेही फलंदाजाचें पाऊल कोठें पडावयास हवें होतें हें बिनचूक सांगतात. मीही ह्याच मातींत वाढलेला; तेव्हां दुसऱ्याच्या खेळाचें परीक्षण करण्याची हौस मला असावी, ह्यांत नवल तें काय? परंतु त्या हौसेपायीं माझ्या हातून एक चूक घडली. ती आपल्या शाळेच्या ह्या वार्षिकांत मोकळेपणानें सांगावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

मी तेव्हां सातवींत होतों. ता. 4 आक्टोबर 2019, शुक्रवारचा दिवस. नवरात्र चालू होतें. अमेरिकेंतील एन्. बी. ए. ह्या व्यावसायिक बास्केट-बॉल संघटनेचे दोन संघ, इंडियाना पेसर्स व सॅक्रॅमेंटो किंग्ज, वरळीच्या एन्. एस्. सी. आय्. डोममध्यें प्रथमच हिंदुस्थानांत खेळणार होते. पहिल्या दिवशींचा सामना मुख्यतः शाळांतील मुलांसाठीं राखून ठेवलेला होता, व सत्तर शाळांतील तीन हजारांहून अधिक मुलें-मुली तेथें जमलीं होतीं. आमची गाडी भायखळ्याहून सात रस्ता व महालक्ष्मी करीत हाजी अलीजवळ पोहोंचली, तेव्हां गाडींतच दोन तट पडलेले होते. किंग्ज संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. म्हणून आमच्यापैकीं बहुतेक सारे किंग्जच्या बाजूचे!

हा खेळ जन्मला तोच मुळीं एका शिक्षकाच्या हातून. इ. स. 1891 च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षण-संस्थेंत, जेम्स नायस्मिथ ह्यांनीं हिवाळ्यांत घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांकरितां पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून तो सुरू केला. त्या वेळीं नियम तेरा व दोन्ही बाजूंस नऊ-नऊ गडी होते. मुंबईंत ह्या खेळाचें माहेरघर म्हणजे आपल्या जवळचा नागपाडा. भारताचे कप्तान अब्बास मुंतसिर तेथलेच. त्यांना 1970 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. असो.

मी व माझे तीन मित्र मिळून एक वही घेऊन गेलों होतों. प्रत्येक खेळाडूच्या नांवापुढें दहापैकीं गुण मांडावयाचे, असा आमचा बेत. सामना मोठ्या अटीतटीचा झाला. बरोबरी होऊन जादा वेळ खेळवावा लागला, व अखेर पेसर्सनीं 132 विरुद्ध 131 असा अवघ्या एका गुणानें विजय मिळविला. पेसर्सच्या टी. जे. वॉरननें 30 गुण केले. त्याला आम्हीं दहापैकीं नऊ दिले. किंग्जच्या बडी हील्डनें 28 केले, त्यालाही नऊ. पेसर्सच्या डोमांटास साबोनिसनें 27 गुण केले व टोपलीवरून उसळलेला चेंडू चौदा वेळां हस्तगत केला. पण त्याला आम्हीं सातच दिले. कारण काय, तर त्याच्या खेळांत नजाकत नाहीं. तो नुसता टोपलीखालीं अंग घुसवून उभा राहतो! आमचे सर शेजारींच बसले होते. ते एवढेंच म्हणाले, “अरे, हा मोसमापूर्वींचा सराव-सामना. ह्याचा निकाल तक्त्यांत धरीत नाहींत. येथें कोणाला कोणतें काम दिलें आहे, हें ज्याचें त्यालाच ठाऊक.” आम्ही गुण मांडण्यांत गुंग होतों, तें वाक्य आमच्या कानांवर पडलें, मनांत शिरलें नाहीं.

पुढें डिसेंबरांत आंतरशालेय स्पर्धा होती. तत्पूर्वीं सरांनीं आमच्या आमच्यांतच दोन संघ पाडून एक सराव-सामना ठेवला. माझ्या संघांत परळचा एक मुलगा होता. अंगानें थोराड, बोलण्यांत मंद. माझा पहिलीपासूनचा मित्र. त्या दिवशीं त्यानें एकदांही टोपलींत चेंडू टाकण्याचा यत्न केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत मीं वही उघडून गुण वाचून दाखविले. स्वतःला मीं आठ दिले होते. मित्राच्या नांवापुढें दोन, आणि शेजारीं शेरा: ‘मैदानांत फिरावयास आला होता.’ सारा वर्ग खो खो हसला. तोही किंचित् हसला, व पाणी पिण्याच्या निमित्तानें बाहेर गेला. त्या सायंकाळीं तो सरावाला आला नाहीं. दुसऱ्या दिवशींही नाहीं. आठवडा असाच गेला.

मग सरांनीं मला बोलावलें. ते रागावले नाहींत. त्यांनीं खिशांतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढें ठेवला. तीही गुणांचीच यादी होती. पण तींतील रकाने निराळे होते. माझ्या मित्राच्या नांवापुढें लिहिलें होतें: परत आणलेले चेंडू, अकरा, सोबत्याला वाट मोकळी करून दिली, नऊ वेळां. माझ्या नांवापुढें: चेंडू गमावला, पांच वेळां. सर म्हणाले, “मींच त्याला सांगितलें होतें कीं, आज तूं टोपलीकडे पाहूं नकोस, चेंडू उसळला कीं तेवढा आपल्याकडे आण. त्यानें माझा शब्द तंतोतंत पाळला. त्याबद्दल त्याला तुझ्याकडून दोन गुण मिळाले.”

मला धरणी दुभंगून पोटांत घेईल तर बरें, असें झालें. त्याच सायंकाळीं मी त्याच्या चाळींत गेलों. दार काकूंनीं उघडलें. “अरे, हा हल्लीं खेळावयास कां येत नाहीं? तुमचें कांहीं बिनसलें का रे?” असें त्यांनीं विचारलें, आणि मला उत्तर सुचेना. मित्र गॅलरीच्या टोकाला उभा होता. मी म्हटलें, “माझें चुकलें. सरांनीं तुला काय सांगितलें होतें, तें मला ठाऊक नव्हतें.” तो बराच वेळ खालीं रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दोन गुणांचें मला कांहीं वाटलें नाहीं. सगळे हसले तेव्हां तूंही हसलास, तें लागलें.” ह्यावर मी काय बोलणार? आम्ही दोघेही तसेच उभे राहिलों. काकूंनीं चहा आणून दिला, तो मुकाट्यानें प्यालों. पुढच्या सोमवारीं तो सरावाला आला. स्पर्धेंत आम्ही दुसऱ्याच फेरींत हरलों. पण त्या सामन्यांत त्यानें परत आणलेले चेंडू मीं मनांतल्या मनांत मोजले.

वरळीच्या त्या सामन्यावर आम्हीं दिलेले निकाल पुढें काळानेंही तपासून पाहिले. वॉरननें ता. 1 आगस्ट 1920 नव्हे, 2020 रोजीं (मोसम करोनामुळें लांबला होता) एका सामन्यांत 53 गुण केले. तेव्हां आमचा अंदाज खरा ठरला असें वाटून मीं वही चाळींत मिरविली. परंतु पुढच्या मोसमांत पायाच्या दुखापतीमुळें तो अवघे चार सामने खेळला, व त्याच्या पुढच्या मोसमांत एकही नाहीं. ज्याला आम्हीं सात दिले तो साबोनिस 2022 च्या फेब्रुवारींत किंग्जकडे गेला, आणि आमचा लाडका हील्ड त्याच व्यवहारांत पेसर्सकडे! पुढच्या 2022-23 च्या मोसमांत साबोनिसनें साऱ्या संघटनेंत उसळते चेंडू सरासरीनें सर्वांहून अधिक मिळविले, आणि सोळा वर्षें बाद फेरीचें तोंड न पाहिलेला किंग्ज संघ त्या फेरींत पोहोंचला. टोपलीखालीं अंग घुसवून उभें राहण्याची किंमत तेव्हां आम्हांस कळली.

बालमित्रांनो, परीक्षण करूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. खेळ पाहावा आणि त्याविषयीं बोलूं नये, हें आपल्या मुंबईकरांना साधणारें नव्हे. आणि बोलण्यानें खेळाची गोडी वाढतेच. आज मी महाविद्यालयांत शिकतों, आणि ती वही अजून माझ्यापाशीं आहे. मात्र तींत आतां एक रकाना वाढला आहे. गुण लिहिण्यापूर्वीं तो भरावयाचा, असा माझा नेम आहे. त्याचें नांव: ‘ह्याला काम कोणतें दिलें होतें?’ पुष्कळदां तो रकाना कोराच राहतो. तसें झालें म्हणजे त्या खेळाडूचे गुणही मी लिहीत नाहीं.