फोडणीतलं गव्हाचं पीठ

सीलिॲक आजारात, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजारात, गहू सोडणं महाराष्ट्रातल्या माणसाला तितकंसं अवघड नाही. पोळी, पाव, रवा, शेवया हे सगळं डोळ्यांना दिसतं, आणि त्यांच्या जागी ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी ही धान्यं पूर्वीपासून आपल्याकडे आहेतच; त्यांतल्या एकातही ग्लुटेन नाही. हा आजार सांभाळताना मला कळलेली गोष्ट अशी, की खरं काम ताटात भाकरी आल्यानंतर सुरू होतं. भाकरी आली, पथ्य नेमाने चाललं आणि तरीही पोट, थकवा, रक्तातलं लोह काही केल्या सुधारत नसेल, तर आपण भाकरीच्या पिठावर संशय घेतो, हॉटेलातल्या एखाद्या जेवणावर घेतो. मिसळणाच्या डब्याकडे बोट जात नाही. माझं म्हणणं आहे की तपास तिथूनच सुरू करावा, आणि मसाला घेताना तो कशात मिसळलाय आणि कशावर दळलाय हे आधी विचारावं.

ग्लुटेन असतं गहू, जव आणि राय या धान्यांत. हळद, मिरची, धने, जिरे, मोहरी, मेथी, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, खसखस यांच्यात ते मुळातच नसतं. कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, आलं, लसूण यांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे निसर्गाने दिलेला सगळा मसाला आपल्याला खुला आहे. हिंगसुद्धा! हिंग हा फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून निघणारा डिंक. तो मुख्यतः अफगाणिस्तान आणि इराणमधून आपल्याकडे येतो; हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड करून पाहायला 2020 साली सुरुवात झाली. पण हा अस्सल डिंक इतका उग्र आणि चिकट असतो की तसाच वापरणं कठीण, म्हणून त्यात बाभळीच्या जातीचा डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत या मिश्र हिंगाला रीतसर मान्यता आहे. त्यात खाद्य स्टार्च किंवा धान्याचं पीठ चालतं. यात भेसळ काहीच नाही. अडचण एवढीच की हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, चिमूटभर हिंगाने काय होणार? आक्षेप रास्त आहे, म्हणून हिशेबच करू. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतं. हिंगपुडीत निम्मं गव्हाचं पीठ आहे असं धरलं, तर 1 ग्रॅम पुडीत सुमारे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन झालं. चौघांसाठी केलेल्या किलोभर आमटीत एवढी पुडी पडली, तर आमटीत किलोमागे 50 मिलिग्रॅम ग्लुटेन उतरलं. ग्लुटेनमुक्त म्हणवून घ्यायची मर्यादा आपल्याकडे आणि आंतरराष्ट्रीय मानकातही किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. एकाच्या वाट्याला त्यातलं बारा-तेरा मिलिग्रॅमच येतं, हे खरं. पण हिंग आमटीत पडून थांबत नाही. तो भाजीत आहे, कोशिंबिरीच्या फोडणीत आहे, ताकात, लोणच्यात, पापडात आहे. पुडीचा हिंग सौम्य असल्याने हातही सैल सुटतो. दिवसाकाठी अशा तीन-चार पदार्थांतून बेरीज 40 ते 50 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर सीलिॲक रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली होती. नुसती चिमूट टाकणाऱ्या घरात हा आकडा बराच खाली येईल, मान्य. पण तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बाजारात मिळत असताना एवढी जोखीम तरी कशासाठी घ्यायची?

दुसरा समज असा की घरी केलेला मसाला म्हणजे निर्धास्त. इथे मला फार ठामपणे नाही म्हणावंसं वाटतं. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घालण्याची जुनी रीत आहे. आजारी माणसाला मऊ भातावर प्रेमाने वाढलं जाणारं मेतकूट या आजारात वर्ज्य ठरतं. थालीपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरी गहू असतो. गोड्या मसाल्यात धान्य नाही, पण हिंग आहे. आणि जिथे सगळे जिन्नस निर्दोष, तिथे दळण आडवं येतं. गव्हावर ज्वारी दळली की सुरुवातीच्या पिठात गहू उतरतो, हे दळण आणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतं, म्हणून तर गिरणीत ‘कशावर टाकताय?’ असं विचारतात. तोच प्रश्न धने-जिऱ्याची पूड करतानाही विचारायला हवा. सुटी पूड विकत घेतली तर तो विचारण्याची संधीच राहत नाही. सुट्या मालाला लेबल नसतं. पाकीटबंद मालावर निदान गव्हासारख्या धान्याचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. म्हणून मी अख्ख्या मसाल्याच्या बाजूची आहे. अख्खे धने-जिरे चाळून, निवडून घेता येतात, चुकून आलेला गव्हाचा दाणा हाताला लागतो, आणि घरच्या मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात आठवड्यापुरती पूड सहज होते. मिसळणाचा डबाही वेगळा हवा. कणीक मळता मळता पिठाच्या हाताने हळदीचा चमचा उचलला जातो, तिथे आधीची सगळी काळजी वाया जाते.

एका माणसासाठी घराने एवढं करायचं का, असं कोणी विचारतं तेव्हा मी उपवासाकडे बोट दाखवते. एकादशीला किंवा महाशिवरात्रीला कित्येक घरांत धान्य वर्ज्य असतं, हळद-हिंगही चालत नाही. उपवासाची भाजणी वेगळी दळली जाते, भांडी निराळी काढली जातात, आणि जिरं, मिरची, दाण्याचं कूट यांवर साबुदाण्याची खिचडी उत्तम जमते. ही शिस्त आपल्या स्वयंपाकघरांना नवी नाही. श्रद्धेसाठी जे निगुतीने होतं, ते आजारासाठीही होऊ शकतं. हिंगाशिवाय आमटी बेचव होते म्हणणाऱ्यांनी लसूण-कढीपत्त्याची फोडणी देऊन पाहावी. ती चव वेगळी असते, उणी नसते.

हे सारं फॅशन म्हणून गहू सोडणाऱ्यांसाठी नाही, त्यांनी हिंगाची चिंता करू नये. पण ज्यांना सीलिॲकचा संशय आहे त्यांनी गहू बंद करण्याआधी रक्ततपासणी करून घ्यावी. आधी सोडला तर तपासणी फसवी येऊ शकते. निदान झालेल्यांना आजही पथ्याशिवाय दुसरा सिद्ध उपाय नाही. म्हणून हिंग बांधणाऱ्या सगळ्या उत्पादकांना माझी विनंती आहे: पीठ गव्हाचं की तांदळाचं, हे डबीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीतून छापा.