गाळणे आणि परत घेणे

आमच्या सांगलीच्या घरी पाणी गाळण्याचे काम अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. हळदीच्या अडतीचा एवढा व्याप असूनही पहाटे उठून दुहेरी फडक्यातून पाणी गाळण्याचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. शरीरातही असेच एक गाळणे अहोरात्र चालू असते, याची जाणीव मात्र आम्हांला फार उशिरा झाली.

तीन वर्षांपूर्वीच्या दशलक्षण पर्वातील गोष्ट. अण्णांचे वय तेव्हा एकाहत्तर. दहा दिवस एकाशन, पाणीही त्याच वेळी एकदा, आणि अनंत चतुर्दशीला निर्जल उपवास हा त्यांचा जुना परिपाठ. त्या वर्षी गुडघे फार दुखत होते. मंदिरात बसता यावे म्हणून ते रोज एकाशनाबरोबर वेदनाशामक गोळ्या घेत. डॉक्टरांना न विचारता त्या गोळ्या दुकानातून मीच आणून दिल्या होत्या.

पारणे झाले आणि दुसऱ्याच दिवशी पावलांवर सूज दिसली. लघवी अगदी थोडी होत होती. रक्त तपासले, तर क्रिएटिनिन 3.8 निघाले, वर्षभरापूर्वी ते 1.1 होते.

रुग्णालयातील डॉक्टर शांत स्वभावाचे होते. अण्णांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, मूत्रपिंड म्हणजे आमच्या फडक्यासारखे गाळणेच ना?"

"निम्मे खरे आहे, अण्णा," ते म्हणाले. "फडक्यात कचरा अडकतो आणि चांगले पाणी खाली जाते. इथे रीत निराळी आहे. तुम्ही दिवाळीपूर्वी गोदाम झाडता, तेव्हा काय करता?"

"सगळा माल बाहेर काढतो. चांगला मोजून परत आत लावतो. खराब तेवढा बाहेर राहतो."

"मूत्रपिंड तेच करते."

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. मुठीएवढ्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे येतो आणि त्याच्या दाबाने या गुच्छांतून पाणी, क्षार, साखर, युरिया असे सारे बारीक पदार्थ बाहेर पडतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने तेवढी आत राहतात. निरोगी माणसात असा सुमारे 180 लिटर द्रव दिवसभरात गाळला जातो. पुढे लांबट नलिकेतून जाताना शरीर आपला माल परत घेते : साखर जवळजवळ सगळी, पाणी व मीठ शंभरातील नव्याण्णव हिस्से. क्रिएटिनिनसारखा टाकाऊ भाग परत घेतला जात नाही. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. पाणी कमी प्यालो, तर मेंदूकडून संप्रेरकाचा निरोप येतो आणि नलिका आणखी पाणी राखून ठेवते. म्हणूनच उपवासात लघवी थोडी आणि गडद होते.

"मग माझे कुठे चुकले?" अण्णांनी विचारले.

"शरीरात पाणी कमी झाले, की गुच्छाकडे रक्त आणणारी बारीक धमनी रुंद ठेवून मूत्रपिंड आपला दाब सांभाळते. त्यासाठी लागणारी द्रव्ये या वेदनाशामक गोळ्या रोखतात. पाणी नाही आणि वर या गोळ्या, गाळणेच मंदावले."

मी खाली पाहत उभा होतो. घरी परतताना अण्णा एवढेच म्हणाले, "तू प्रेमाने आणल्यास. पण मुनिमाला न विचारता उधारी दिली, असे झाले."

गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले. सूज उतरली आणि क्रिएटिनिन 1.6 वर येऊन थांबले; पूर्वीच्या आकड्यावर ते पुन्हा आले नाही. नष्ट झालेले नेफ्रॉन शरीर नव्याने घडवीत नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निर्जल उपवासाला स्पष्ट नकार दिला. अण्णा चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वाध्यायाहून आले आणि मला म्हणाले, "सोळा भावनांत शक्तितस्तप आहे. इतकी वर्षे मी तप तेवढे वाचले, शक्तितः वाचायचे राहून गेले."

आता पर्वाच्या दिवसांत ते एकाशन करतात, पण सूर्यास्तापर्यंत पाणी घेतात. दर दोन तासांनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवण्याचा नेम माझा आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे उपवास करतात, त्यांनी पर्वाआधी एकदा त्यांचे रक्त तपासून घ्यावे आणि ती रोज कोणत्या गोळ्या घेतात, हे डॉक्टरांना दाखवावे. मी ते केले नव्हते.