सांता क्लाराच्या खोऱ्यातील एक नकाशा

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेस निघाले की तासाभराने सांता क्लाराचे खोरे लागते. जर्दाळू, आलुबुखार आणि चेरी यांच्या बागांसाठी एके काळी ख्यातनाम असलेली ही भूमी आज सिलिकॉनच्या नावाने ओळखली जाते. बागा बहुतेक गेल्या. त्यांच्या जागी ठेंगण्या, काचेच्या इमारती आल्या. येथे आता काय पिकते, हे बाहेरून पाहणाऱ्यास मुळीच उमगत नाही. आम्हां उभयतांना ते उमगले एका भिंतीपाशी.

बडोद्यास कलाभवनाची परंपरा सांगणाऱ्या विद्याशाखेत शिकलेली आमची भाची येथील एका लहानशा कार्यालयात चिपचे आराखडे करते. भिंतीवर तिने नुकताच छापलेला, पुरुषभर उंचीचा रंगीत कागद लावला होता. प्रथमदर्शनी आम्हांला तो एखाद्या नगराचा नकाशाच वाटला.

याच खोऱ्यात १९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप जन्मास आली. सुमारे ३ मिलिमीटर रुंद व ४ मिलिमीटर लांब तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर! तिचा आराखडा हाताने रेखून, तांबड्या पातळ पटलावर कोरून, मग छायाचित्रणाने लहान केला होता. फेदेरिको फाजिन यांनी चित्रकाराप्रमाणे तिच्या कडेला आपली आद्याक्षरेही घातली. पुढे संगणक आले, तरी मोठ्या कागदावर आराखडा छापून, तो जमिनीवर अंथरून रेघन् रेघ तपासण्याची रीत बरीच वर्षे टिकली.

आता ही छपाई सोपी राहिलेली नाही. भाचीने हिशेबच मांडून दाखविला. ४ मिलिमीटरची चिप २०० पट वाढविली, तर ८० सेंटिमीटरचा कागद भरतो. ४००४ मधील १० मायक्रॉनची रेघ अशाने २ मिलिमीटर जाड दिसेल, परंतु ०.१८ मायक्रॉनची रेघ अवघी ३६ मायक्रॉन होते, आणि इंचास ६०० ठिपके उमटविणाऱ्या यंत्राचा एक ठिपकाच ४२ मायक्रॉनचा! म्हणून ती एखादाच महत्त्वाचा भाग निवडून छापते. थरावर थर येत असल्याने रंगही भरीव न देता तिरप्या रेघांनी भरावे लागतात, नाही तर खालचे सारे झाकले जाते.

“तपासणी संगणक करतो, मग हा खटाटोप कशाला?” आम्ही विचारले.

“मामा, दोन रेघांत अंतर किती हवे, जोडणी बरोबर आहे का, हे तो चोख सांगतो. पण जे त्याला सांगितलेलेच नाही, ते तो कसे पाहील?”

तिने कागदावरील दोन ट्रान्झिस्टर दाखविले. ही जोडी अगदी सारखी वागावी म्हणून शेजारी, एकाच मापाची बसविलेली होती. परंतु त्यांतील एकावरूनच धातूची एक तार गेली होती. नियम एकही मोडला नव्हता, म्हणून संगणक गप्प होता. येता-जाता कागदाकडे पाहणाऱ्या एका वृद्ध सहकाऱ्याच्या नजरेस मात्र ते खुपले. फाईल तशीच कारखान्यात गेली असती, तर लाखो रुपये आणि कित्येक महिने वाया गेले असते. शिवाय दोष कोठे आहे हे शोधणे वेगळेच.

आम्ही निघालो तेव्हा भाची संगणकावर ती तार बाजूने वळवीत होती. नवा कागद दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागणार होता.